पाखरू बघायला नागपूरला

नागपूरला जाऊन आले आणि संत्री आणली नाहीत, याबद्दल आमच्या आळीत मला अजून माफी मिळालेली नाही. ‘मग गेला होतात कशाला एवढ्या लांब?’ असं शेजारच्या मालतीबाईंनी तोंडावर विचारलं. फूल बघायला, म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू नवरा गेल्याचा परिणाम बाईच्या डोक्यावर दोन वर्षांनी दिसायला लागलाय. म्हणून आता सगळं सविस्तर लिहूनच काढते. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी हे वाचावं. तेच तेच सांगून माझं तोंड दुखायला लागलंय.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या जानेवारीतली ही गोष्ट. संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील, नागपूरहून कुसुमवन्संचं कार्ड आलं. कुसुमवन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची एकुलती एक धाकटी बहीण. तीस वर्षांपूर्वी वाईहून उचलून नागपुरात दिली. कार्डावर लिहिलं होतं, ‘वहिनी, दादाच्या पाखराला कळी आली. चोच फुटून राहिली. लगेच निघा. मी कुणाला हात लावू देत नाही.’

कार्ड वाचलं आणि मी स्वयंपाकघरात खालीच बसले.

हे पाखरू म्हणजे एक परदेशी झाड. बर्ड ऑफ पॅरडाइज त्याचं नाव, मूळ आफ्रिकेतलं म्हणे. पानं केळीच्या कुळातली, पण ताठ आणि कातड्यासारखी चिवट. फूल मात्र हुबेहूब मान वर करून बसलेला पक्षी. हिरवी लांब चोच, तिच्यावर केशरी तुरा, त्यात निळी जीभ. आमच्या ह्यांनी ते पाचगणीच्या एका पारशी बंगल्यात पाहिलं आणि वेडेच झाले. नोकरी पाटबंधारे खात्यात, जीव मात्र कुंड्यांत. बंगल्याच्या माळ्याशी सहा महिने गोडगोड बोलून त्यांनी झाडाच्या बुंध्याशी फुटलेलं एक पिलू मिळवलं. आणि मग? आपल्या परसात लावलं? छे! डालड्याच्या डब्यात घालून, मांडीवर घेऊन, थेट नागपूरला बहिणीकडे पोचवलं. मी आठ दिवस अबोला धरला होता, हेही लिहून टाकते. ‘तिच्याकडे आपल्याकडचं काहीतरी असू दे गं,’ एवढंच म्हणाले. निघताना बहिणीला सांगून आले होते, ‘फूल आलं की कळव. मी येतो.’

अकरा वर्षं फूल आलं नाही. हे प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘फूल?’ असं एका शब्दात विचारायचे आणि तिकडून ‘नाही’ असं एका शब्दात उत्तर यायचं. नवव्या वर्षी हेच गेले. मी दोन भाड्याच्या खोल्यांत राहायला आले, परसातल्या कुंड्या कुणी कुणी नेल्या, उरल्या त्या वाळल्या. ह्यांच्या हातचं जिवंत असं आता एकच झाड उरलं होतं, आणि ते नणंदेकडे होतं.

तेव्हा फूल बघायचं होतं हे खरं, पण मनात आणखी एक होतं. त्या झाडाचं एक पिलू मला हवं होतं. माझ्या गॅलरीत एक कुंडी मावते. ह्यांनी लावलेलं काहीतरी सकाळी उठल्यावर दिसावं, एवढीच इच्छा. म्हणून मी डालड्याचा डबा घेतला, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, आत गोणपाटाचा तुकडा घातला आणि तो लुगड्यांच्या घडीखाली पिशवीत दडवला. मग एसटीनं पुणे आणि पुण्याहून गाडी.

नागपूर स्टेशन

गाडी सकाळी पोचली. थंडी अशी, की हमालसुद्धा कानाला टॉवेल गुंडाळून. मी डब्यातून उतरते तोच समोर भाऊजी. कुसुमवन्संचे यजमान मूळचे नागपूरचेच, कचेरीत हेडक्लार्क, अंगानं भरलेले आणि मनानं त्याहून भरलेले. डोक्याला मफलर, आणि दोन्ही हातांत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक.

“या जी वहिनी, या!” असं म्हणत त्यांनी फडकं सोडलं.

आतून पाखरू निघालं.

अगं बाई, काय सांगू! अकरा वर्षं नुसतं ऐकलं होतं. तो केशरी रंग, ती निळी जीभ, ती रुबाबदार मान. मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून बघतच राहिले. हमाल थांबला, एक पोलीस थांबला. आणि मग माझी नजर खाली गेली. देठ तिरका कापलेला होता.

“भाऊजी,” मी म्हटलं, “हे... कापलंत?”

“मग काय!” त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. “मी म्हटलं, वहिनी एवढ्या लांबून फुलासाठी येऊन राहिल्या, तर फुलानंच घ्यायला जावं ना. पहाटे कापलं. ही झोपूनच होती.”

नागपूरच्या लोकांचं हे असं आहे. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हणजे आम्ही आधी ‘किती दिवस?’ हे हळूच काढून घेतो. इथे पाहुण्यासाठी काय तोडू आणि काय देऊ, असं होतं. रागवायचं तरी कसं? मी तोंडभर हसले आणि म्हटलं, “फार सुंदर आहे हो.” मनात मात्र एकच होतं. ह्यांचं फूल मला झाडावर बघायचं होतं.

सायकलरिक्षात बसलो. सीताबर्डीच्या गर्दीत एक बैल आडवा आला, रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला, मी तोल सावरायला हुडाची दांडी धरली. फूल त्याच हातात होतं. कट्ट असा आवाज झाला आणि तुरा मधोमध मोडून लोंबायला लागला. कापायचं पाप भाऊजींचं, मोडायचं माझं. धरमपेठ येईपर्यंत मी तो तुरा हातानं सावरून धरला होता.

धरमपेठ

कुसुमवन्सं अंगणात कुंडीपाशीच उभ्या होत्या. कुंडीत चार हात उंच पानांचा दाट झुबका, आणि मधोमध कापलेला देठाचा खुंट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“तुम्ही कापलं?”

“अगं, स्वागताला म्हणून...”

“अकरा वर्षं!” त्या म्हणाल्या. “चार दिवस मी डोळ्यांत तेल घालून राखून राहिली. वहिनीनं झाडावर पाहावं म्हणून. अन् मोडलं कुणी?”

मी तोंड उघडायच्या आत भाऊजी म्हणाले, “मीच. रिक्षात बसताना.” ते खोटं मी तेव्हा खपवून घेतलं, त्याची मला आजही लाज वाटते. वन्सं माझ्या गळ्यात पडून रडल्या. मग डोळे पुसून आत गेल्या, आणि त्या क्षणापासून नवऱ्याशी बोलणं बंद. बोलायचं ते माझ्यामार्फत. “वहिनी, त्यांना सांगा, पाणी तापलं.” “वहिनी, त्यांना विचारा, भात आणखी हवा का.” ते शेजारच्या पाटावर बसलेले असायचे.

पण अबोल्यातही जेवण कमी नाही बरं! गोळाभात केला होता. डाळीच्या भरड्याचे तिखट गोळे भातातच शिजवायचे आणि वर चरचरीत फोडणीचं तेल वाटीवाटीनं ओतायचं. आम्ही वाईची माणसं तेल थेंबानं वाढणारी. मी वाटी बघूनच घाबरले. “वहिनी, कोरडा गोळाभात घशाले लागते,” असं म्हणत त्यांनी ओतलंच. खाल्ला, आणि मागून घेतला.

मोडकं पाखरू पितळी तांब्यात पाण्यात ठेवलं होतं. त्याच्यासमोर बसून वन्सं मला झाडाची कहाणी सांगत होत्या. आपल्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आरसे, चाळण्या, कुंकवाच्या डब्या असलं वाण लुटतात. वन्सं काय लुटायच्या? पाखराची पिलं! दरवर्षी संक्रांत आली की कुंडी आडवी करायची, झाड उपसायचं, बुंध्याशी फुटलेलं एखाददुसरं पिलू कापून काढायचं, मोठ्या कुंडीत नवी माती घालून झाड परत लावायचं आणि पिलू कुणातरी सवाष्णीच्या ओटीत.

“दादाचं पाखरू साऱ्या धरमपेठेत पोचवलं मी,” त्या अभिमानानं म्हणाल्या. “पण एक जगलं असेल तर शपथ. इथला उन्हाळा! हे एकच राहिलं. उन्हाळाभर त्यांनी कूलरजवळ ठेवलं म्हणून.” हे बोलताना नवऱ्याचं कौतुक झालं हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या घाईनं थांबल्या.

मला ऐकून बरंच वाटलं. म्हणजे पिलू मागायला अडचण नव्हती. मी चाचरत विषय काढला, तर वन्सं पहिल्यांदाच हसल्या. “डबा दिसला मला पिशवीत. भोकंसुद्धा पाडून आणली! काहून लाजता? बुंध्याशी दोन चांगली आहेत. जायच्या आधी काढून देते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तुरा आणखीच मलूल झाला. भाऊजी भिंतीकडे बघत म्हणाले, “वहिनी, आमच्या कचेरीच्या बगीच्यात दौलतराव म्हणून माळी होता. रिटायर होऊन बेस्याला राहते. त्याला दाखवू का?”

“वहिनी, त्यांना विचारा,” वन्सं म्हणाल्या, “कापलेलं फूल कोणता माळी जोडून देते?” पण पायात चपला त्यांनीच आधी घातल्या.

बेसा

बेसा म्हणजे शहराबाहेरचं खेडं. शहराची बस जिथे संपते तिथून पुढे पायी. बसमध्ये फूल माझ्या मांडीवर तांब्यासकट. कंडक्टरनं वाकून पाहिलं. “हे कोनतं पाखरू हाय, बाई? पाखराचं अर्धं तिकीट लागते बरं!” सगळी बस हसली, वन्संही हसल्या. एका म्हातारीनं तर फुलाला हात लावून नमस्कार केला. आमच्याकडे बसमध्ये कुणी कुणाच्या मांडीवरचं सामान विचारत नाही. इथे उतरेपर्यंत अर्ध्या बसला माझा नवरा, त्याची पाचगणी, सगळं माहीत झालं होतं. सांगितलं कुणी? मीच. विचारणारं असलं की बोलायला होतं, आणि दोन वर्षांत मला ह्यांच्याबद्दल असं कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे तुरीच्या शेतांमधून पायवाट. शेंगांनी वाकलेली तूर, मधूनच संत्र्याची बाग, उन्हात बसलेली माणसं. दौलतराव अंगणात संत्र्याच्या कलमांना पाणी घालत होते. वाळकेसे, काटक, धोतर गुडघ्यावर. त्यांच्या बायकोनं आम्हाला खाटेवर बसवलं आणि ताटलीभर मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा समोर ठेवल्या. कोण, कुठले, कशाला आलात, हे त्यानंतर.

दौलतरावांनी फूल हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं.

“कोनं कापलं?”

“मी कापलं,” भाऊजी गुन्हेगारासारखे म्हणाले.

“तुरा माझ्या हातून मोडला,” मी म्हटलं. निघालं एकदाचं तोंडातून. वन्संनी चमकून माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“देठ लांब ठेवला थे बरं केलं,” दौलतराव म्हणाले. “एवढं कायले तोंड पाडून बसले तुमी? मेलं नाही हे अजून. एका चोचीत एकच पाखरू रायते का माय? चार-पाच रायतेत. एक बसलं का दुसरं उठते. झाडावर आपोआप उठते, कापल्यावर त्याले जरा हात द्याव लागते.”

त्यांनी बायकोकडून घंगाळात कोमट पाणी मागवलं, चोच त्यात बुडवून ठेवली. आम्ही शेंगा सोलत बसलो, पण खात कुणीच नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी मोडका तुरा खुडून टाकला, चोचीच्या वरच्या फटीत अंगठा घातला, आतला चिकट डिंक बोटानं पुसला आणि हळूहळू, अगदी बाळंतपण करणाऱ्या सुइणीच्या हातानं, आतून काहीतरी वर उचललं. आधी केशरी टोक. मग दुसरं. मग निळी जीभ. ओलं, चुरगळलेलं, पण जिवंत. त्यांनी पाकळ्या एकेक करून सोडवल्या आणि फूल उन्हात धरलं.

मी रडले. वन्सं रडल्या. भाऊजी मफलरनं नाक पुसत होते. ह्यांना हे दिसायला हवं होतं, एवढंच माझ्या मनात येत होतं.

“पन मले एक सांगा,” दौलतराव म्हणाले, “अकरा वर्षं फूल नाही म्हनता. झाड उकरत होते का तुमी?”

“दरवर्षी,” वन्सं म्हणाल्या. “पिलं काढत होती मी. वाण म्हणून वाटत होती. नवी माती, मोठी कुंडी, सगळं करत होती जी.”

“मंग कसं येईन फूल? या झाडाले दाटी लागते. मुळ्या कुंडीले भिडल्या, हलाले जागा नाही राह्यली, का मंग थे फुलावर येते. तुमी दरसाल त्याले उपसलं, जागा देल्ली. एकदा पिलू काढलं का दोन-तीन वर्षं थे रुसते.”

“मग औंदा कसं आलं?” मी विचारलं.

“औंदा उकरलं नसन.”

वन्सं शेंगेचं टरफल बोटांत चुरत राहिल्या. “दोन वर्षं झाली, हात नाही लावला,” त्या म्हणाल्या. “दादा गेला माझा. त्या संक्रांतीले खुरपं घेऊन बसली होती कुंडीपाशी. पण हातच चालेना. त्याच्या हातचं काही कापावं, वाटावं, असं झालंच नाही. या वर्षीही तसंच राहू दिलं. मला वाटलं, माझ्याच्यानं झाडाची आबाळ होऊन राहिली.”

“तेच तं त्याले पाह्यजे होतं, माय,” दौलतराव म्हणाले आणि फूल माझ्या तांब्यात ठेवलं.

आम्ही परत निघालो. पायवाटेवर वारा सुटला होता. मधेच वन्सं थांबल्या, मागे वळल्या. “मफलर नीट बांधा,” त्या भाऊजींना म्हणाल्या. “गार वारं सुटून राहिलं.” भाऊजींनी इतक्या तत्परतेनं मफलर बांधला, की त्यांना दिसेनासंच झालं.

पुन्हा धरमपेठ

तीन दिवस ते पाखरू ओसरीवरच्या तांब्यात बसून होतं. आळीतल्या बायका बघायला येत होत्या. मला त्या तीन दिवसांत दुसरंच काहीतरी खात होतं.

निघायच्या दिवशी सकाळी वन्सं खुरपं आणि माझा डबा घेऊन कुंडीपाशी बसल्या. “कोणतं देऊ वहिनी? हे डावीकडचं बरं आहे.”

“नको,” मी म्हटलं.

“काहून नको? एवढा डबा घेऊन आल्या!”

“मी पिलू नेलं की हे परत दोन-तीन वर्षं रुसणार. दौलतराव काय म्हणाले, ऐकलंत ना?”

“रुसू द्या. मी पाहिलं ना फूल. तुमच्याकडे त्याचं काहीच नाही राहिलं.” त्यांनी खुरपं बुंध्याशी टेकवलं. “माझ्याकडे अकरा वर्षं होतं. आता तुम्ही न्या.”

खरं सांगते, हात पुढे झाला होता माझा. किती वेळ मी त्या बुंध्याकडे बघत होते, कुणास ठाऊक. गॅलरीतली कुंडी, सकाळचं ऊन, सगळं डोळ्यांसमोर आलं. पण हे झाड ह्यांनी इथे दिलं होतं. मी तेव्हा अबोला धरला, तरी दिलं होतं. ते फुलावर यायला अकरा वर्षं लागली, आणि मी त्याला परत उपसून न्यायचं? माझ्याच्यानं होईना. मी वन्संच्या हातातून खुरपं काढून घेतलं आणि नळाखाली धुऊन त्यांच्या फडताळात वर ठेवून दिलं.

डबा मात्र रिकामा न्यायची सोय नव्हती. नागपूरच्या घरातून रिकामा डबा बाहेर पडला असं कधी झालंय का? वन्संनी तळाला वर्तमानपत्र घातलं आणि तिळाचे लाडू काठोकाठ भरले. मालतीबाई, तुम्हाला जे लाडू मिळाले त्यांना वर्तमानपत्राची शाई का लागली होती, ते आता कळलं असेल. बुडाला भोकं होती, तीळ गळत होते.

स्टेशनवर दोघंही आले. भाऊजींनी टोपलीभर संत्री आणली होती, पण ती गर्दीत हमालाच्या हातून उलटली आणि निम्मी रुळांवर गेली. उरलेली मी गाडीतल्या पोरांना वाटून टाकली. हे संत्र्यांचं झालं.

शिट्टी झाली. वन्सं खिडकीशी उभ्या होत्या, मी गजावर हात ठेवला होता. आणि तोंडातून निघून गेलं, “फूल आलं की कळवा. मी येते.”

बोलून झाल्यावर लक्षात आलं, हे शब्द कुणाचे. वन्संच्याही आलं. त्यांनी गजावरचा माझा हात घट्ट धरला. गाडी हलली तशा दोन पावलं बरोबर चालल्या.

“कळवते,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही या हं वहिनी. तो असाच म्हणाला होता, अन् आला नाही.”

मी जाणार आहे. डबा भोकांसकट घासून ठेवलाय, रोज टपालवाल्याची वाट बघते. आणि मालतीबाई, संत्री त्या वेळी नक्की आणीन.